कानशिलावरचा बिब्बा

बिब्ब्याचं तेल डोळ्यात गेलं तेव्हा मी ओरडले नाही. ओरडली ती आई. मला पहिल्यांदा वाटलं, चुलीतला निखारा उडून पापणीला चिकटला. तो झटकायला मी हात उचलायला गेले, पण दोन्ही मनगटं आईने धरून ठेवली होती आणि माझ्या गुडघ्यांवर गोदाआत्या बसली होती. तिच्या हातात दाभण, दाभणाच्या टोकाला बिब्बा, शेजारी पेटलेली चिमणी. उजव्या कानशिलावर एक फुली घालून झाली होती. ती इतकी चरचरली की डाव्या बाजूला दाभण आलं तशी मी मान झटकली, आणि बिब्ब्याच्या तोंडाशी जमलेला तापलेला काळा थेंब सरळ डोळ्यात उतरला. आत्या पुढे कित्येक वर्षं हेच सांगत राहिली, की पोरीने डोकं हलवलं म्हणून झालं. जी पोर क्षणभर स्वस्थ बसत नाही म्हणून हा उपाय करायचा, तिने उपाय करताना मात्र स्वस्थ पडून राहावं, अशी त्यांची अपेक्षा होती. एवढी साधी गोष्ट त्या दुपारी खोलीतल्या एकाही मोठ्या माणसाच्या डोक्यात आली नाही. मला अजून याचंच आश्चर्य वाटतं, डोळ्याचं तेवढं वाटत नाही.

आई पाण्याच्या हंड्याकडे धावली. आत्या ओरडली, "पाणी नको गो वहिनी! पाण्याने बिब्बा चिघळतो. खोबरेल आण." आई थांबली. हातात भरलेला तांब्या होता आणि ती थांबली. मग तिने तांब्या खाली ठेवला आणि शिंक्यावरची तेलाची बाटली काढली. डोळ्यात खोबरेल ओतलं, वर खोबरं वाटून थापलं, धडप्याने घट्ट बांधलं. मग आत्याने हात धुतले, पाट घेतला आणि जेवायला बसली. कुळथाची पिठी होती. मला कोपऱ्यात पडल्या पडल्या तिचा भुरके मारल्याचा आवाज येत होता. ती दुष्ट बाई नव्हती, हे लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कोणीही तसं समजेल. दुष्ट असती तर मला कळायला सोपं गेलं असतं.

आम्ही कल्याणला राहायचो, भांडी ठोकणाऱ्यांच्या आळीला लागून असलेल्या चाळीत. सकाळपासून ठोक्यांचा आवाज असे, आणि ते ठोके थांबले की दिवस संपला असं आम्ही समजत असू. बाबा ठाण्याच्या गिरणीत होते. पाळी बदलली की घरातल्या जेवणाच्या वेळा बदलायच्या. मूळचे आम्ही कोकणातले. उकडा तांदूळ, सुका जवळा आणि आमसुलं गावाहून यायची आणि त्यांच्या वासाने सबंध खोली भरून जायची. मी थोरली, शकू धाकटी. मला घरात सगळे भिंगरी म्हणत. घास तोंडात घालून मी दारात, दारातून जिन्यावर, जिन्यावरून नळावर. ताटावर मला कोणी पूर्ण जेवताना पाहिलेलं नाही. पण त्याचं कोणाला काही वाटत नसे. पाणी भरायला, दळण आणायला, गच्चीवरचे पापड राखायला अशी चळवळी पोरगी बरी पडते. "कुसुम आहे ना, ती जाईल," असं आई शेजारणींनाही सांगायची. माझी चळवळ खुपायला लागली ती पुस्तकासमोर.

पहिल्या तीन इयत्ता मी कशा पास झाले, ते सांगते. आमच्या शाळेत धडा सगळ्या वर्गाने एका सुरात वाचायचा असे. बाई पुढे एक ओळ म्हणायच्या, मागे आम्ही सगळ्या. त्या कोरसात मी सगळ्यांत मोठ्याने म्हणायचे. दोन-तीनदा कानावर पडलं की धडा माझ्या तोंडात बसायचा. पुस्तक समोर नुसतं उघडं असायचं. चौथीत नवीन बाई आल्या. त्या एकेकीला उभं करून वाचायला लावत. मला उभं केलं आणि मी पहिल्या ओळीवरून तिसऱ्या ओळीवर गेले. तिथून परत पहिल्या ओळीच्या मध्यावर. वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "बोट ठेव." बोट ठेवलं, तर बोट एका शब्दावर आणि डोळा भलतीकडे. मला अक्षरं येत होती. सुटं अक्षर पाटीवर काढून विचारा, मी सांगायचे. पण ओळीत डोळा ठरायचा नाही. खिडकीत कावळा येऊन बसला की डोळा पुस्तकातून उठून त्याच्याकडे गेलेला असायचा, आणि तो गेला हे मला नंतर कळायचं. परत आणावा तर कुठे आणायचा? ओळ सापडायची नाही. बाईंना वाटायचं मी मस्ती करते. मलाही तसंच वाटायचं, कारण सगळे तसं म्हणत होते.

बाईंनी बाबांना बोलावून घेतलं. बाई वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, "हिचे डोळे तपासून घ्या. वाचताना फार भिरभिरतात." बाबांनी खाडा केला आणि मला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं दाखवली. मी वरच्या मोठ्या अक्षरापासून तळाच्या बारीक अक्षरापर्यंत सगळी सांगितली. सुटी सुटी अक्षरंच होती ती. डॉक्टर बाबांना म्हणाले, "डोळे उत्तम आहेत. पोरगी नाटकं करते. दोन फटके द्या."  घरी आल्यावर बाबांनी डॉक्टरांचं औषध दिलं. फटके दोनपेक्षा जास्त होते.

फटक्यांनी गुण आला नाही, तेव्हा गोदाआत्या आली. ती बाबांची मोठी बहीण, आंबिवलीला राहायची, तिचे यजमान तिकडच्या कारखान्यात होते. घरात काही बिघडलं की बाबा तिला निरोप धाडत आणि ती पिशवी घेऊन हजर. तिने माझी हनुवटी धरून डोळ्यांत पाहिलं आणि निदान केलं. डोळ्यांच्या मागे शिरा असतात, त्या माझ्या सैल पडल्या आहेत, म्हणून डोळे जागेवर राहत नाहीत. कानशिलावर दोन्ही बाजूंना बिब्ब्याची फुली घातली की शिरा आखडतात. तिच्या बाळ्याचे डोळे लहानपणी तिरळे होते, तिने फुल्या घातल्या आणि वर्षभरात सरळ झाले. बाळ्याचे डोळे खरोखरच सरळ होते, आम्ही सगळ्यांनी पाहिलेले. त्यापुढे काय बोलणार? आई एवढंच म्हणाली, "वन्सं, उतेल हो बिब्बा. चेहऱ्यावर कशाला?" उतणं म्हणजे बिब्ब्याने कातडी फुगून पाणी सुटतं ते. आत्या म्हणाली, "उतला तर उतला. डाग पडेल. पोरगी मठ्ठ राहिली तर कोण करून घेईल? डागवाली करून घेतात." बिब्बे घरात होतेच. "सुया घे, दाभण घे, बिब्बं घे" करत बाया आळीत यायच्या, आई त्यांच्याकडून घ्यायची. टाचेच्या भेगांना ती तेच लावायची, खोकल्याला दुधात थेंब टाकायची. प्रत्येक घरात असायचे. दाभणही तिथलंच.

डोळ्यावरची पट्टी आईच सोडायची, आईच बांधायची. पहिले काही दिवस तोंड भोपळ्यासारखं सुजलं होतं, दुसरा डोळाही उघडेना. दवाखान्यात नेलं तेव्हा त्याच डॉक्टरांनी मलम दिलं आणि आईला शिव्या दिल्या. दोन फटके द्या म्हणाले होते, ते ते विसरले असावेत. सूज उतरली आणि उजवा डोळा नीट झाला. डाव्या बुबुळावर फूल पडलं, दुधाच्या सायीसारखं पांढरं. उजेड आणि अंधार एवढंच त्यातून कळायचं, पुढे तेही बंद झालं. मी बाहेर जाईनाशी झाले. जिन्यावर पाऊल चुकायचं, नळावर कळशी बाजूला आपटायची. म्हणून मी भिंतीला टेकून बसून राहायचे. आणि इथून पुढे जे झालं, ते आज या वयातही मला गिळवत नाही. चाळीतल्या बाया मला बघून म्हणायला लागल्या, "गुण आला हो पोरीला. किती शांत झाली!" आत्या पुढच्या वेळी आली तेव्हा दारात उभी राहून त्यांना सांगत होती, "एक डोळा दुखावला, पण भिंगरी थांबली की नाही?"

थोडं आताचं सांगते, त्याशिवाय हे प्रकरण मी लिहायलाच घेतलं नसतं. माझा नातू अर्णव तिसरीत आहे, डोंबिवलीच्या शाळेत. तोही ओळी गाळतो, तोही जेवताना चार वेळा उठतो. शाळेतून सांगितलं म्हणून मुलगा आणि सून त्याला ठाण्याला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन निघाले. मी म्हटलं, मीपण येते. शीळफाट्याला गाड्या अडकल्या तेवढ्या वेळात त्याने मागची सीट, पुढची सीट आणि माझी मांडी असं सगळं करून घेतलं. सून म्हणाली, "अरे, एका जागी बस ना रे, प्लीज." तो म्हणाला, "मम्मी, मी बसलोय. गाडीच हलत नाही, म्हणून तुला असं वाटतंय." मला हसू आलं. सुनेला आलं नाही.

तिथे त्याची हनुवटी एका आधारावर ठेवली. समोर पडदा, खाली छोटा कॅमेरा. पडद्याच्या मध्यावर एक खूण, तिच्याकडेच बघत राहायचं. मग बाजूला ठिपका येणार, पण ठिपक्याकडे बघायचं नाही, त्याच्या उलट दिशेला बघायचं. अर्णवला सगळं समजलं. त्याने डॉक्टरीणबाईंना ते नीट परत सांगूनही दाखवलं. आणि ठिपका आला की त्याचे डोळे दर वेळी आधी ठिपक्याकडेच जायचे, मग तो "अरे यार" म्हणून उलटीकडे न्यायचा. नंतर त्याला एक उतारा वाचायला दिला आणि त्याचे डोळे कुठे कुठे थांबले ते पडद्यावर गोल करून दाखवलं. शेजारी दुसऱ्या एका मुलाचं चित्र होतं. त्या मुलाचे गोल ओळीवरून पायरीपायरीने गेले होते. अर्णवचे पुढे, मागे, खालच्या ओळीवर, मध्येच पानाच्या बाहेर कोपऱ्यात. मी ते चित्र पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली. चौथीच्या वर्गात मी उभी होते तेव्हा माझ्या डोळ्यांनी हेच केलं होतं. कावळासुद्धा मला त्या कोपऱ्यात दिसला.

डॉक्टरीणबाई समजावून सांगत होत्या. वाचताना डोळे ओळीवरून घसरत जात नाहीत, ते उडी मारतात, थांबतात, परत उडी मारतात. आणि वाचलं जातं ते थांबल्यावर. काही चळवळ्या मुलांना हे थांबणं आणि नको तिथली उडी आवरणं जमत नाही. "डोळा चांगला आहे, आजी," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, कारण मी फारच पुढे सरकून बसले होते. "आवर घालणारी जागा आत, मेंदूत आहे. तिला वेळ लागतोय. तो मुद्दाम करत नाही." माझ्या मुलाने विचारलं, "म्हणजे डोळ्यांचे व्यायाम वगैरे?" त्या म्हणाल्या, "ते सांगणारे खूप भेटतील. त्याने वाचन सुधारेल असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. आणि एवढ्या एका तपासणीवर मी त्याला कुठलं नावही देणार नाही. शाळेशी बोलू, वाचन वेगळं तपासू, मग ठरवू." त्यांचं बोलणं मला आवडलं. जे माहीत नाही ते त्या माहीत नाही म्हणत होत्या.

"तो मुद्दाम करत नाही." हे वाक्य मला आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं. मी नुसती बसून राहिले. मुलाला वाटलं माझी साखर उतरली, त्याने खिशातून बिस्कीट काढून हातात दिलं. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "माझा एक डोळा आहे, तो बघता का तुमच्या यंत्रावर?" त्या म्हणाल्या, "बघेन हवं तर. पण या वयात, एका डोळ्यावर, लहानपणी काय होतं ते मला सांगता येणार नाही." मग मी हनुवटी ठेवली नाही. मला कोणी सांगायची गरज नव्हती.

आता शकूचं. माझी पट्टी अजून सुटायची होती आणि शकू नुकती दुसरीत गेली होती. ती माझ्यासारखी धावरी नव्हती, पण हात-पाय सतत चालू, आणि वाचताना शब्द गाळायची. तिच्या बाईंनी आईजवळ तक्रार केली, आईने बाबांना सांगितलं, आणि बाबांनी पुन्हा आंबिवलीला निरोप धाडला. हे मी परत लिहिते, म्हणजे वाचणाऱ्याला चुकून लिहिलं असं वाटायला नको. बाबांनी पुन्हा निरोप धाडला.

आत्या दुपारी आली. बाबांची दुसरी पाळी होती, ते जेवायला बसले होते. आत्याने पदराची गाठ सोडून बिब्बे जमिनीवर ठेवले आणि चिमणी मागितली. आई जागची हलली नाही.

"वन्सं, नको आता," ती म्हणाली.

"नको काय? थोरलीला आला ना गुण? त्या दिवशी तू नीट धरलं नाहीस, तुझे हात कापत होते, म्हणून ते तसं झालं. आज भाऊ आहे धरायला."

आईने बाबांकडे पाहिलं. बाबा भात कालवत म्हणाले, "गोदेला कळतं त्यातलं. तू मध्ये बोलू नकोस. शके, इकडे ये गो."

शकू पाण्याच्या पिंपामागे जाऊन बसली होती. तिथून तिचे नुसते पाय दिसत होते आणि तेही एकमेकांवर आपटत होते. आत्या तिला ओढायला उठली. मी भिंतीजवळून उठले, एक हात भिंतीला लावून बाबांच्या ताटासमोर येऊन बसले आणि डोळ्यावरची पट्टी सोडली.

"बाबा, हे बघा."

"झाक ते. जेवतोय मी."

"बघा आधी."

पापणी आपली आपण उघडत नव्हती. मी दोन बोटांनी ती वर-खाली ताणली आणि तोंड त्यांच्या तोंडाजवळ नेलं. त्यांनी तो डोळा तोवर पाहिलेलाच नव्हता. ते पाळीवरून यायचे, पट्टी बघायचे, "दुखतं का गो?" विचारायचे आणि झोपायचे. पट्टीच्या आत काय आहे, हे त्यांना आईने सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं. त्यांचा हात तोंडाशी घास घेऊन तसाच राहिला. मग त्यांनी घास ताटात ठेवला.

"दिसतं का यातनं?"

"नाही."

"अजिबात?"

"तुम्ही दिसत नाही."

ते आत्याकडे वळले. "हा गुण?"

"अरे भाऊ, तिने डोकं हलवलं. मी तरी काय..."

बाबांनी ताटातच हात धुतले. अन्नाच्या ताटात हात धुतलेले त्यांना चालत नसत, त्यावरून आम्ही मार खाल्लेला होता. ते उठले, जमिनीवरचे बिब्बे गोळा केले, बाहेर जाऊन गटारात टाकले. परत आले आणि आत्याची पिशवी उचलून उंबऱ्याबाहेर ठेवली.

"गोदे, ऊठ. स्टेशनवर सोडतो."

"बहिणीला भर दुपारी घराबाहेर काढतोस? जेवलेसुद्धा नाही मी."

"काढतो."

आत्या रडत गेली. चाळीतल्या बाया गॅलरीत आल्या होत्या. त्यांतली एक आईला म्हणाली, "एवढं काय झालं हो? चांगली कळती बाई आहे, आम्हीपण आमच्या मुलाचं विचारणार होतो."  आईने पिंपामागून शकूला बाहेर काढलं, तिचं तोंड पुसलं, आणि बाबांच्या ताटातला भात बाहेर टाकून आली. मला तिने नवी पट्टी बांधली नाही. त्या दिवसापासून मी उघड्या डोळ्याने राहिले.

म्हणून बाबा बदलले, असं मी लिहिणार नाही. त्यांनी माझी शाळा बंद केली. म्हणाले, उरलेल्या डोळ्याला ताण नको. चौथीची परीक्षा मी दिली, पुढे गेले नाही. मी हट्ट धरला नाही. वर्गात उभं राहून वाचायचं नाही, याचा मला तेव्हा आनंदच झाला होता. पुढे वाचायला मी माझी मी शिकले, वर्तमानपत्रावर फूटपट्टी ठेवून, एक ओळ झाली की पट्टी खाली. अजून तसंच वाचते. शकू मात्र शाळेत जात राहिली. नापास व्हायची, परत बसायची, ओळी गाळायची, बोलणी खायची. मॅट्रिकला दोनदा बसली आणि झाली. तिला कोणी हात लावला नाही. आत्या पुढे लग्नाकार्याला यायची, जेवून जायची, माझ्याशी चांगलं बोलायची. तिने आणखी कोणाला फुल्या घातल्या का, ते मला ठाऊक नाही. विचारायला हवं होतं असं आमच्यापैकी कोणालाच वाटलं नाही.

ठाण्याहून आल्यावर मी शकूला फोन केला. ती विठ्ठलवाडीला मुलीकडे असते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते सगळं तिला सांगितलं, उड्या आणि थांबणं आणि मुद्दाम करत नाही हे. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अगं ताई, मग त्या दुपारी तू पट्टी सोडली नसतीस तर त्यांनी माझं काय केलं असतं गं?" मी म्हटलं, "तुला माहीत आहे काय केलं असतं ते."

आई गेली, बाबा गेले, गोदाआत्या त्यांच्याही आधी गेली. मी आहे आणि शकू आहे. तिला दोन्ही डोळ्यांनी दिसतं.